धर्माचे मूल्य आणि मावळची साक्ष : तीन आधुनिक भूमिकांचे परीक्षण

१

आधुनिक समाजात धर्माला काही मूल्य उरले आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे गेली शंभर-सव्वाशे वर्षे निरनिराळ्या स्वरूपांत चर्चिला जात आहे. या चर्चेचा बराचसा भाग मात्र निष्फळ ठरतो, आणि त्याचे कारण प्रश्नाची मांडणी अस्पष्ट असते हे होय. मराठीत ‘धर्म’ हा शब्द कर्तव्य, आचार, संप्रदाय, दान आणि वस्तूचा स्वभाव अशा अनेक अर्थांनी वापरला जातो. धर्माचा पुरस्कर्ता बहुधा यांतील पहिला अर्थ मनात धरून बोलतो, तर टीकाकार दुसरा किंवा तिसरा अर्थ गृहीत धरतो. परिणामी दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात आणि मूळ प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

म्हणून प्रारंभीच तीन प्रश्न वेगळे करणे इष्ट होईल. धर्म कसा उत्पन्न झाला व कशाच्या आधारे टिकला, हा उपपत्तीचा प्रश्न. धर्मातील एखाद्या आचारापासून आज काही लाभ होतो काय, हा उपयोगाचा प्रश्न. आणि माणसाने धर्माचे बंधन मानावे काय व का, हा प्रामाण्याचा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याने तिसरा सुटत नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून तिसऱ्याचेही तसेच यावे असे नाही. धर्मविषयक लेखनातील पुष्कळसा गोंधळ हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झालेला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका लहानशा प्रदेशाच्या, म्हणजे मावळच्या, साक्षीने करावयाचा आहे. या निवडीला कारण आहे. लोणावळ्यापासून तळेगाव दाभाडे व देहूपर्यंतच्या या पट्ट्याशी तीन आधुनिक भूमिका प्रत्यक्ष संबंधित आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५५ ते १९६२ या काळातील लेखनात कार्ले परिसराच्या आधारे धर्मसंस्थेची भौतिक उपपत्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि धर्माच्या प्रामाण्याचा प्रश्न नव्याने उभा केला. स्थूलमानाने पाहता या तिघांनी अनुक्रमे उपयोग, उपपत्ती आणि प्रामाण्य या तीन प्रश्नांना हात घातला, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक कारण असे की, आधुनिकता ही मावळला नवीन नाही. कोकण आणि देश यांमधील वाहतूक फार प्राचीन काळापासून याच खिंडीतून होत आली. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला; लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून तेथील पाण्यावर टाटांनी खोपोली येथे १९१५ साली वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. यंत्रयुग आले की धर्म आपोआप मागे सरतो, हा सिद्धांत तपासून पाहावयाचा तर याहून सोयीचा प्रदेश मिळणे कठीण आहे.

२

प्रथम सर्वांत जुनी साक्ष पाहू. कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे आहे. सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असा हा प्रासाद एका अखंड डोंगरात कोरलेला असून त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तेथील शिल्पापेक्षा शिलालेख अधिक महत्त्वाचे आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचे एक लेख सांगतो आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचा अभिमानही त्यात व्यक्त झाला आहे. आतील स्तंभांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट येथील अनेक यवन आहेत. दर्शनी भागातील लेखांत त्याच गावचा सिंहदत्त नावाचा गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि सामि नावाचा सुतारही आहे. भिक्षुणी आणि गृहस्थ स्त्रियाही दात्यांत आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिलेला आहे.

राजसत्तेची नोंदही येथे आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. याच लेखात त्याने देव व ब्राह्मणांना दिलेल्या सोळा गावांचा आणि दरवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घालीत असल्याचाही उल्लेख आहे. पुढे सातवाहनांची सत्ता आल्यावर या दानाविषयी आज्ञा झाल्या, आणि त्या आज्ञांत या प्रदेशाचे नाव ‘मामाल’ आहार असे येते. मावळ हे नाव याच शब्दापासून आले असे अभ्यासक मानतात. म्हणजे या भूमीचे आपल्याला ज्ञात असलेले जुने नाव एका धर्मदानाच्या दस्तऐवजातून टिकून राहिले आहे. पुळुमावीच्या २४ व्या राज्यवर्षात अबुलामा येथील हरफरण नावाच्या उपासकाने महासांघिक भिक्षूंसाठी नऊ खोल्यांचा मंडप दिल्याची नोंदही येथेच आहे.

या नोंदींवरून कोणते अनुमान काढता येईल? परक्या देशाच्या, परक्या गावाच्या आणि भिन्न व्यवसायांच्या माणसांची नावे एकाच छताखाली, एकाच प्रकारच्या अक्षरांत कोरली गेली. जातगोत, गाव आणि राजनिष्ठा यांच्या पलीकडे जाऊन परस्परांशी संबंध जोडण्याची एक जागा या संस्थेने निर्माण केली होती. त्या काळात हे काम करणारी दुसरी संस्था क्वचितच असेल. अर्थात यावरून तेथे समता नांदत होती असे अनुमान काढणे घाईचे होईल. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते त्यांचीच नावे कोरली गेली. ज्यांनी छिन्नीने हा डोंगर पोखरला त्या पाथरवटांपैकी बहुतेकांची नावे आपल्याजवळ नाहीत, आणि करजिक गावच्या ज्या शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर भिक्षुसंघ पोसला गेला त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. धर्माच्या मूल्याविषयी बोलताना ही दुसरी बाजू दृष्टिआड करता कामा नये.

३

ही दुसरी बाजू अत्यंत साक्षेपाने पुढे आणण्याचे श्रेय कोसंबींना आहे. धेनुकाकटावरील त्यांचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली आला. त्यांची पद्धती ग्रंथालयात बसून पोथ्या लावण्याची नव्हती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, देवींची ठाणी, जुन्या वाटा आणि त्यांवर सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारे त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. देवीची कित्येक ठाणी वाटांच्या संगमावर का आहेत, बौद्ध लेणी घाटमाथ्यावरील व्यापारी मार्गांना धरूनच का खोदली गेली, आणि वारकऱ्यांच्या वाटा पशुपालकांच्या प्राचीन ऋतुमानी भ्रमणाच्या वाटांशी का जुळतात, असे प्रश्न त्यांनी विचारले. त्यांच्या मते विहार ही केवळ ध्यानाची जागा नव्हती. विहार मोठा ग्राहक होता, प्रवासी व्यापाऱ्यांचा आश्रय होता आणि संपत्तीचे केंद्रही होता. नाशिकच्या लेखात उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची व तिच्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा पुरविल्याची जी नोंद आहे, ती लक्षात घेता हे मत निराधार म्हणता येत नाही.

या उपपत्तीचे सामर्थ्य मान्य केल्यावर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. धर्मसंस्थेने अमुक काळी अमुक आर्थिक कार्य केले हे दाखविले, म्हणजे ते कार्य करणारी दुसरी साधने उपलब्ध होताच धर्मसंस्था निरर्थक होईल, असा निष्कर्ष त्यातून सूचित होतो. जे उरेल ते जुन्या उत्पादनपद्धतीचे अवशेष, आणि दारिद्र्य व अज्ञान हटल्यावर तेही जातील. कार्ल्याच्याच डोंगरावर या निष्कर्षाची परीक्षा घेता येते. चैत्याच्या दारात, जेथे दुसरा सिंहस्तंभ असावा असे मानले जाते त्या जागी, एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची ती कुलदेवता. मुंबई आणि कोकणपट्टीतून तेथे येणारा भाविक आज आगगाडीने, बसने किंवा स्वतःच्या मोटारीने येतो. त्यांतील पुष्कळजण पगारदार आहेत, शिकलेले आहेत. रस्ता, बँक, शासन आणि न्यायालय हे सर्व आले असतानाही चैत्रातील यात्रा ओसरलेली नाही. उलट प्रवासाच्या सोयींमुळे ती वाढली.

याचे स्पष्टीकरण केवळ ‘अवशेष’ या शब्दाने होत नाही. मुंबईच्या विस्तारात ज्यांचे कोळीवाडे आकुंचित झाले आणि खाड्या बुजल्या, त्या समाजाला आपण एक आहोत याची आठवण ठेवण्यास वर्षातून एकदा गडावर जमण्याहून अधिक बळकट साधन फारसे उरलेले नाही. जावळ, नवस, पालखी, गाणी ही त्या आठवणीची अंगे आहेत. म्हणजे कार्य संपले नाही, बदलले. कोसंबींच्याच पद्धतीने विचार केला तरी हे मान्य करावे लागेल, कारण धर्माचे समाजधारणेतील कार्य शोधा असे तीच पद्धती सांगते.

तथापि, हे मूल्य कोणत्या प्रतीचे आहे तेही पाहिले पाहिजे. कुलदेवतेची भक्ती कुळाला बांधते, कुळाबाहेरच्यांविषयी ती बहुधा मौन पाळते. ज्या डोंगरावर एके काळी यवन, सुतार आणि श्रेष्ठी यांची नावे एकत्र कोरली गेली, तेथेच आज ज्याची देवी त्याची यात्रा, अशी स्थिती आहे. पहिल्या संस्थेची व्याप्ती मोठी होती, पण लोकांच्या मनातील मूळ तितके खोल नव्हते. दुसरीचे मूळ खोल आहे, पण व्याप्ती मर्यादित आहे. चैत्य निर्वासित झाला आणि देवी राहिली, या एका वस्तुस्थितीत धर्मचिकित्सकाला विचार करण्यास पुष्कळ सामग्री आहे.

४

दुसरी भूमिका कुवलयानंदांची. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. गुरू माधवदासजी यांच्याकडून योगाची दीक्षा घेतलेल्या या पुरुषाने १९२४ साली क्ष-किरण, दाबमापक आणि तत्सम उपकरणे यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचे परीक्षण केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब कमी होतो हे त्यांनी मोजून दाखविले, आणि त्या घटनेला गुरूंचे नाव दिले. आपली परंपरा खरी आहे असे नुसते म्हणत न बसता ती तपासावयास दुसऱ्यांच्या हाती द्यावी, हे धैर्य त्या काळी असामान्य होते. परंपरेविषयीची नुसती भाविकता आणि नुसता उपहास, या दोन्हींपेक्षा ही वृत्ती अधिक प्रामाणिक आहे यात शंका नाही.

परंतु या प्रयोगांनी धर्माचे मूल्य सिद्ध झाले काय? येथे उपयोग आणि प्रामाण्य यांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एखाद्या आसनाने पचन सुधारते किंवा प्राणायामाने श्वसनविकारात आराम पडतो असे सिद्ध झाले, तर त्या आसनाचे आरोग्यमूल्य सिद्ध झाले. ज्या क्षणी ते मोजमापाने सिद्ध होते त्या क्षणी त्याला ईश्वर, गुरू वा मोक्ष यांच्या आधाराची गरज राहत नाही. निरीश्वरवाद्यालाही त्याचा तितकाच लाभ होतो. म्हणजे प्रयोग जितका यशस्वी, तितका आचार धर्मापासून स्वतंत्र. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठराव करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला आणि २०१५ पासून तो सर्व धर्मांच्या व निधर्मी देशांतही साजरा होऊ लागला. योगाने धर्माची चौकट ओलांडल्याचा याहून मोठा पुरावा नको. स्वतः कुवलयानंदांचा हेतू अध्यात्म आणि भौतिक शास्त्र यांची सांगड घालण्याचा होता. परंतु उपकरणाने जे मोजता येते ते शरीराचे. योगसूत्रांत आसनाच्याही आधी ज्यांचा क्रम लागतो त्या अहिंसा, सत्य आणि अपरिग्रह यांना मोजणारे यंत्र लोणावळ्यात नव्हते, अन्यत्रही नाही. आज योगवर्गांत जाणाऱ्या बहुसंख्य लोकांनी यमनियम वगळून आसने घेतली, हे या दृष्टीने आश्चर्यकारक नाही. जे मोजता आले ते स्वीकारले गेले. जे बंधनकारक होते ते मागे राहिले.

यावरून असा निष्कर्ष निघतो की विज्ञानाच्या प्रशस्तिपत्राने धर्माचे रक्षण करू पाहणारे लोक नकळत धर्माला अनावश्यक ठरवितात. उपवासाने प्रकृती सुधारते म्हणून उपवास करणारा मनुष्य पथ्य पाळत असतो, व्रत नव्हे.

५

आता तिसरी भूमिका. आंबेडकरांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात धर्माच्या प्रामाण्याचा प्रश्न सरळ हाताळला आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : समाज टिकण्यासाठी कायद्याची किंवा नीतीची सक्ती लागते, कायदा मूठभर गुन्हेगारांना ताब्यात ठेवू शकतो, बहुसंख्यांचे व्यवहार मात्र नीतीवरच सोपवावे लागतात, म्हणून नीती या अर्थाने धर्म आवश्यक आहे. असा धर्म बुद्धीशी व विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे मान्य केली पाहिजेत, आणि दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये.

हे लिहिणारा मनुष्य राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, ही गोष्ट विसरता येत नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित झाले होते. कायद्यावर ज्याचा विश्वास कोणाहूनही कमी नव्हता, त्यानेच कायदा अपुरा आहे असे म्हणावे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घ्यावी, यात विसंगती नाही. कायद्याने पाणवठा खुला होतो. पाणी भरणाऱ्या दोन माणसांत आपलेपणा उत्पन्न करणे कायद्याच्या शक्तीबाहेरचे आहे, असा त्यांचा अनुभवसिद्ध निष्कर्ष होता. पुढील इतिहासानेही तो खोटा ठरविलेला नाही. १९५५ साली अस्पृश्यताविषयक गुन्ह्यांचा कायदा झाला; तरीही जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम करावा लागला. अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१३ साली अस्तित्वात आला तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर. हे दाखले दोन्ही बाजूंना लागू पडतात. कायदा अपुरा आहे हे ते सांगतात, आणि कायदा ज्यांच्याविरुद्ध करावा लागला त्या प्रथांना धर्माचेच नाव दिले जात होते हेही सांगतात.

आंबेडकरांच्या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही कसोटी जर धर्माच्या आधीच सिद्ध असेल, तर कसोटी पुरेशी आहे, धर्म कशाला हवा? आणि ती धर्मातूनच निघत असेल, तर धर्माची परीक्षा धर्माच्याच मापाने घेण्याचा चक्रक दोष येतो. ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी १९५४ सालच्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. त्यामुळे हा आक्षेप अधिकच तीव्र होतो.

याचे उत्तर त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सापडते. नुसती नीती पुरत नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असे ते तेथे म्हणतात. नीती तर चोरांच्या टोळीतही असते. व्यापाऱ्यांची, जातीची आपापली नीती असतेच. परंतु ती गटापुरती असते आणि गटाबाहेरच्याला लुबाडण्यास ती आड येत नाही. तिला सार्वत्रिक करणे, आणि सोयीनुसार मोडता येणार नाही इतकी पवित्र करणे, हे धम्माचे कार्य. येथे कसोटी आणि बंधन यांत भेद केला आहे. काय योग्य आहे हे बुद्धी सांगू शकेल. परंतु जे योग्य आहे ते गैरसोयीचे असतानाही पाळावे, ही वृत्ती बुद्धिवादाने आपोआप उत्पन्न होत नाही. तिला संस्कार, सहवास, प्रतिज्ञा व प्रतीके लागतात. यासाठीच देहूरोडला मूर्ती लागली. या दृष्टीने पाहिल्यास पूर्वीचा चक्रक दोष दूर होतो : कसोटी धर्माची निवड करते, धर्म कसोटीला बळ देतो.

देहूरोडच्या त्या भाषणात पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे मुळात बुद्धच होय, असे मतही त्यांनी मांडले होते. मूर्तिविज्ञानाच्या दृष्टीने हे मत वादग्रस्त आहे. परंतु त्यांच्या मुख्य युक्तिवादाला त्याची आवश्यकता नाही. विठ्ठल मूळचा कोण होता हा उपपत्तीचा प्रश्न झाला. विठ्ठलाच्या नावाने आज माणसे एकमेकांशी कशी वागतात हा खरा प्रश्न आहे.

६

तो प्रश्न आपल्याला देहूकडे नेतो. मावळातील इंदुरीजवळचा भंडारा डोंगर हे तुकारामांच्या एकांताचे स्थान. महिपतीने दिलेल्या परंपरेनुसार, वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी भावाबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. या कथेचा ऐतिहासिक तपशील बाजूस ठेवला तरी तिचा अर्थ आपल्या विषयास फार उपयुक्त आहे. कायद्याने कर्ज वसूल करण्याचा हक्क होता. नीतीच्या सामान्य मापानेही तो गैर नव्हता. धर्माने येथे हक्काहून अधिक काही करावयास लावले. दुसऱ्याच्या अडचणीपुढे आपला न्याय्य हक्कही सोडावासा वाटणे, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही, आणि धर्माचे जर काही स्वतंत्र मूल्य असेल तर ते येथे आहे.

परंतु तुकारामांच्या संप्रदायातही हे मूल्य सर्वत्र पोचले असे नाही. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात वारीचे जे निरीक्षण नोंदविले आहे ते प्रसिद्ध आहे. एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा वारकरी भजनात एक होत आणि जेवणात वेगळे होत. बाईंना हे खुपले आणि त्यांनी ते लपविले नाही. भजनातील ऐक्य खोटे नव्हते. परंतु ते पंक्तीपर्यंत पोचत नव्हते. दुसऱ्या बाजूस, १९५६ च्या दीक्षेने पोटजातींचे भेद समूळ गेले असेही कोणी अभ्यासक म्हणणार नाही. म्हणजे कसोटीवर उतरलेला धर्मही आचरणात अपुरा पडू शकतो. धर्माने कायद्याची अपूर्णता दाखवावी, तसेच आपल्या अपूर्णतेचा हिशेबही त्याने दिला पाहिजे.

या सर्व विवेचनाचा संबंध आजच्या मावळशी काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे द्रुतगती मार्गावर मावळातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवड शहरासाठी नियोजित केलेल्या बंद जलवाहिनीला त्यांचा विरोध होता. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नदीवर कोणाचा किती हक्क, भूसंपादनाचा मोबदला किती, हे प्रश्न कायद्याचे आहेत आणि ते कायद्यानेच सुटले पाहिजेत. तेथे कीर्तन उपयोगी नाही. परंतु ज्या शहराला हे पाणी हवे होते तेच शहर दर आषाढवारीत तुकारामांच्या पालखीचे स्वागत करते, वारकऱ्यांना पाणी पाजते, त्यांचे पाय धुते. वारकरी म्हणून दारी आलेल्या शेतकऱ्याच्या पाया पडणारा नागरिक, धरणाच्या काठच्या शेतकऱ्याचे आपण काही देणे लागतो असे मानतो काय? मानीत असेल तर वारीला आधुनिक समाजात मूल्य आहे. मानीत नसेल तर वारी हा उत्सव आहे. त्याला सौंदर्य असेल, परंतु या लेखात ज्या अर्थाने मूल्य म्हटले त्या अर्थाने मूल्य नाही.

७

सारांश, तीन भूमिकांचे परीक्षण करता पुढील निष्कर्ष निघतात. कुवलयानंदांच्या मार्गाने आचारांची शुद्धी होते. निरुपयोगी व अपायकारक काय ते कळते, आणि हे कार्य चालू राहिले पाहिजे. परंतु त्यातून धर्माचे प्रामाण्य सिद्ध होत नाही. कोसंबींची चिकित्सा धर्मसंस्थेच्या प्रत्येक दानलेखाखाली दडलेला शेतकरी आणि पाथरवट दाखवून देते. तिच्या अभावी धर्मविचार आत्मस्तुतीत परिणत होतो. परंतु कार्य बदलल्यावरही धर्म का टिकतो, आणि टिकावा काय, याचे पूर्ण उत्तर तीत नाही. आंबेडकरांची भूमिका या उत्तराच्या सर्वांत जवळ जाते, कारण ती धर्माला आपोआप मूल्य देत नाही. गटाबाहेरच्या माणसाविषयीचे कर्तव्य जो पवित्र करील त्याच धर्माला ती मूल्य देते.

तेव्हा आधुनिक समाजात धर्माला मूल्य आहे काय, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही, आणि देण्याचा आग्रहही धरू नये. प्रत्येक धर्मसंस्थेला, मग ती लेणे असो, गड असो, आश्रम असो, विहार असो वा दिंडी असो, तीन प्रश्न विचारता येतील. तुमच्या दाराबाहेर कोण उभा आहे? तुमच्या खर्चाचा भार कोणाच्या श्रमावर आहे? आणि तुमच्यात येऊन माणूस असे काय करावयास शिकतो, जे त्याने हक्क म्हणून टाळले असते तरी कोणी त्याला दोष दिला नसता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायदा व इतिहास तपासू शकतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र संस्थेच्या ग्रंथांत मिळणार नाही. ते तिच्या माणसांच्या रोजच्या वर्तनातच शोधावे लागेल.